कोपऱ्यावर एक हात जास्त

त्सुबामे, १२ जानेवारी

तेत्सु,

पत्राची सुरुवात हवामानाने करायची रीत आहे, म्हणून लिहिते. काल बर्फ पडत होतं, आज पडतंय, उद्याही पडेल. तुमच्या ओकिनावात म्हणे याच दिवसांत चेरी फुलते. फुलू दे बापडी.

नववर्षाचं कार्ड मिळालं असेल. दरवर्षी मिळतच असणार, कारण एकदाही परत आलेलं नाही. तू उत्तर पाठवत नाहीस ती गोष्ट वेगळी. यंदा मात्र कार्डावर मावणार नाही असं काम निघालंय.

गावात प्रदर्शन भरतंय, मार्चमध्ये, आपल्या पॉलिशवाल्यांच्या संघाच्या सभागृहात. कशाचं ते वाचून तुझं डोकं फिरेल, तेव्हा आधी टॅक्सी कडेला घे. त्या अमेरिकन गाण्याच्या डबीचं आहे. खिशात मावायची, पुढून पांढरी, मागून आरसा, तीच. जिच्यापायी तू तोंडावरचा मास्क काढून बाबांच्या पायाशी टाकलास आणि कामाच्या ऐन गर्दीत चालता झालास. "जी ओरखडे पडायलाच जन्माला येते तिला मी घासणार नाही," असं म्हणाला होतास. वाक्य बरं होतं. वीस वर्षं झाली, मला पाठ आहे.

सुरुवातीला ते झाकण कशाचं हेच आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, आठवतं? खोकी यायची, पोलादाची पाठ काढायची, घासायची, परत भरायची. बाबांनी ठरवून टाकलं होतं की अमेरिकेत साबणाच्या डब्या अशा असतात. "श्रीमंत देश आहे, साबणालाही तोंड बघायला आरसा लागतो," असं ते रामेन शेवयांचे वाडगे घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा सांगायचे. मग मी एकदा नीगातात स्टेशनजवळच्या दुकानात ती पाहिली. काचेवर पांढरी, ऐटीत उभी. मी उचलून उलटी केली. दुकानातल्या मुलीने हसून पुन्हा सुलटी केली. मी पुन्हा उलटी केली. तिला वाटलं असेल बाईचं काहीतरी बिघडलंय. मला काय बघायचं होतं ते तुला सांगायला नको.

म्हणून या प्रदर्शनात सगळ्या डब्या पालथ्या ठेवणार आहे. कल्पना माझी. जगाने पुढून बघून घेतलं, आता पाठ बघा म्हणावं. आणि ऐक, नव्या कोऱ्या नकोत. लोकांनी वापरलेल्या, वर्षानुवर्षं खिशात वागवलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्याच हव्यात, असं आम्ही वर्तमानपत्रात छापून आणलंय. तुझ्या त्या वाक्याला मला उत्तर द्यायचंय. तोंडाने देता आलं नाही, मांडून दाखवीन.

संघाने तुला खास बोलावलंय. मी नाही, संघाने.

तुझी ताई,
मिसाओ


त्सुबामे, ९ फेब्रुवारी

तेत्सु,

रागावला असतास तर फोन करून ओरडला असतास. तेही केलं नाहीस, म्हणजे विचार करतोयस. कर. तुला वेळ लागतो हे मला लहानपणापासून माहीत आहे.

डब्या यायला लागल्यात. नागाओकाहून, सानजोहून, एक तर होक्काइदोहून आली. प्रत्येकीबरोबर माणसं चिठ्ठी पाठवतात आणि सगळ्या चिठ्ठ्यांमध्ये आधी माफी असते: फार खराब झाली आहे, लाज वाटते. मला एकीचीही लाज वाटली नाही. तेरादोमारीच्या एका मच्छीमाराच्या डबीची पाठ मिठाने धुरकटलीय, अगदी समुद्रावरच्या सकाळीसारखी. आणि एक आहे होन्मा बाईंची. होन्मा बाई म्हणजे शाळेत गाणं शिकवायच्या त्या, तुला वर्गाबाहेर उभं करायच्या. निवृत्त झाल्यात. त्यांची डबी नोकरी संपेपर्यंत एकाच खिशात राहिली, वर्गाच्या किल्ल्या आणि सूर लावायचा पोलादी काटा यांच्या शेजारी. त्या काट्याने पाठीवर बारीक बारीक चंद्रकोरी उमटल्यात, पार भरून गेलीय.

काल दुपारी सगळ्या टेबलावर पालथ्या मांडल्या आणि चहा गार होईपर्यंत बघत बसले. काय वस्तू बनवली आहे तेत्सु. पाठीला एक स्क्रू नाही. कडा अशा वळवल्यात की तळहाताला वेगळं काही सांगावं लागत नाही, तो आपोआप बसतो. पुढच्या चकतीवर अंगठा गोल फिरवला की गाणी सरकतात, बघायचीही गरज नाही. खिशात हात घालून माणूस हवं ते गाणं काढतो आणि रस्त्यावर कुणाला पत्ता लागत नाही. आणि एवढं सगळं पुढे करून झाल्यावर, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे आरसा. टेबलावर ठेवा, दिसत नाही. हातात धरा, तळव्याखाली जातो. मी पुष्कळ वर्षं विचार केला की का. हातात घेतली की ती आधी गार लागते, आणि एक गाणं संपेस्तोवर तुमच्याइतकी उबदार झालेली असते. मला वाटतं तो आरसा डोळ्यांसाठी नसून हातासाठी होता. ज्याने कुणी ती कागदावर आखली त्याला हात म्हणजे काय ते कळत होतं.

तू म्हणशील, ताई म्हातारी झाली, हळवी झाली. मुळीच नाही. बाबा प्रत्येक पाठ ट्यूबलाइटखाली धरायचे, उजेडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसली तरच पास, वाकली की परत घासायच्या चाकावर. मी आजही तशीच बघते. फक्त मी घासलेल्या पाठीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापाशी रेघ केसभर आधी वळायची. बाबांच्या नजरेला ते चालायचं, तुझ्या नाही. "ताई, कोपऱ्यावर एक हात जास्त मारतेस. डबी घासतेयस की लग्नाला पोरगी नटवतेयस?" शेजारच्या चाकावरून तुझं हे रोजचं. बरं, मारत होते एक हात जास्त. मला तो कोपरा तसा आवडायचा.

नागानुमा-सान येऊन बघून गेले. संघाचे अध्यक्ष अजून तेच आहेत, ऐंशी उलटली तरी खुर्ची सोडत नाहीत. टेबलाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "मिसाओ, हे असंच ठेवणार पाहुण्यांपुढे?"

"असंच."

"टोकियोहून माणसं येणार आहेत. नगराध्यक्ष येणार आहेत. आणि आपल्या गावचं काम असं, मांजराने बोचकारल्यासारखं?"

"तेच दाखवायचंय."

"बापावर गेलीयस," म्हणाले. जाता जाता त्यांनी एक डबी उचलून कोटाच्या बाहीला पुसली आणि पुन्हा ठेवली. पुसून काय होणार होतं, पण राहवेना त्यांना.

तुझ्या चाकाजवळ मी मुळ्याच्या लोणच्याचा माठ ठेवलाय. गार जागा आहे म्हणून, उगाच काही समजू नकोस. चाकाला अधूनमधून तेल देते ते गंजू नये म्हणून. नागानुमा-सानना ते त्यांच्या नातजावयासाठी हवंय. उन्हाळ्यात सांगते म्हटलंय. त्यानंतर कारखाना बंदच करायचा विचार आहे, एकटीला कशाला हवा एवढा पसारा.

माझी मनगटं ठणठणीत आहेत. अक्षर वाकडं आलंय ते थंडीमुळे.

ताई


त्सुबामे, १५ मार्च

तेत्सु,

प्रदर्शन आज उघडलं. आजच संपलंही. आणि मी इतकी खूश आहे की तीन वेळा पेन खाली ठेवून उठले.

नीट सांगते. सकाळी किल्ली घेऊन सभागृहात गेले, दार उघडलं आणि डोळेच दिपले. मांडणीवर माझ्या सगळ्या डब्या होत्या, पालथ्या, ओळीने, जशा मी लावल्या होत्या तशाच. आणि एकीवरही ओरखडा नव्हता. एकीवरही. छताचे दिवे त्यांच्यात सरळ रेघेने पळत होते. आणि बाजूला नागानुमा-सान आणि संघातले पाच म्हातारे इस्त्रीचे कोट घालून रांगेत उभे होते. हात पाठीमागे. नखं काळी. चेहरे असे की आता कुणीतरी शाबासकी देणार.

मी भिंतीला टेकले. "काय केलंत हे?"

"रात्रभर बसून सगळं आमच्या हाताने केलं," नागानुमा-सान म्हणाले. "पाठी अलगद सोडवल्या, आतलं काही हललं नाही. शिमादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय तरी त्याने पाच केल्या. तुला सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस."

"अडवलंच असतं. लोकांच्या वस्तू आहेत त्या. ओरखडे हवेत म्हणून मागितल्या होत्या."

"मिसाओ," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरी पाहुणे येणार म्हटल्यावर तू तोंड न धुता दार उघडतेस का?"

त्यांच्या जागी बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. खरं सांगायचं तर, तू गेला नसतास तर त्या रांगेत तूही असतास. दुसऱ्या कुठल्याही गावात या डब्या सुखरूप राहिल्या असत्या. आमच्या गावात ओरखडा उघडा ठेवणं म्हणजे मुलाला नाक न पुसता शाळेत पाठवणं. मी रडणारही होते, पण तेवढ्यात बाहेर गाड्या लागायला लागल्या. डब्या ज्यांच्या होत्या ती माणसं उद्घाटनाआधीच आली होती, आपापली बघायला.

मी दारात उभी राहून माफी मागायला सुरुवात केली. मागोमाग त्या सहा म्हाताऱ्यांना हळूहळू उमगलं, आणि तेही वाकले. नागानुमा-सान इतके खाली वाकले की वर येताना शिमादाला हात द्यावा लागला. मच्छीमार आपली डबी हातात घेऊन नुसता फिरवत होता. एक नर्स होती, तिचे डोळे भरले. मला वाटलं, झालं, तेत्सुचं खरं झालं. घासलेलं टिकत नाही, आणि जे टिकलं तेही आम्हीच घासून टाकलं.

होन्मा बाई पुढे आल्या. आता त्या अगदी छोट्या झाल्यात, पण चाल तीच, वर्गात शिरल्यासारखी. त्यांनी आपली डबी उचलली आणि पाठीत बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बापरे. यात मी म्हातारी दिसतेय."

कुणी हसेना. हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"शेवटची हिच्यात मी चेहरा पाहिला तेव्हा माझे केस काळे होते," बाई म्हणाल्या. "मग ओरखडे पडले आणि मी दिसायची बंद झाले. मला वाटत होतं मी अजून तशीच आहे." मग नागानुमा-सानकडे वळून, "किती चांगलं घासता हो तुम्ही. हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

नागानुमा-सान मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुमच्या खुणा गेल्या."

"गेल्या. खरंच गेल्या." बाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. शाळेच्या किल्ल्या नव्हत्या, घराच्याच. तो त्यांनी कोटाच्या खिशात टाकला, त्याच खिशात डबी टाकली, आणि खिसा वरून थोपटला. आतून खळ्ळकन आवाज आला. त्या सहा म्हाताऱ्यांनी एकदम दात आवळले, जणू त्यांच्याच पाठीवर किल्ली ओढली गेली होती. "चला," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अजून थोडी गाणी ऐकायची राहिलीत."

मग मच्छीमार हसला. त्याने आपली डबी ट्राउझरच्या मागच्या खिशात कोंबली, गाडीच्या किल्लीसकट. नर्सने डोळे पुसले, मांडणीवरून आपली घेतली. एकेक करून सगळ्यांनी घेतल्या, तेत्सु. सभागृहभर किल्ल्यांचा खळखळाट. लोक एकमेकांना आपले चेहरे दाखवत होते, म्हाताऱ्यांशी हात मिळवत होते, शिमादाला कुणीतरी मिठी मारली आणि तो लाकडासारखा उभा राहिला कारण त्याला आयुष्यात कुणी मारली नव्हती. नागानुमा-सान प्रत्येक खळखळाटाला डोळे मिटत होते आणि हसतही होते. "जा, न्या, बिघडवा," म्हणत होते. "पुन्हा आणा. आम्ही आहोत." तुझं ते वाक्य मला तिथे आठवलं आणि मी मनात म्हटलं, हो रे बाबा, ओरखडे पडायलाच जन्माला येते. म्हणून तर घासायची.

नगराध्यक्ष कात्री घेऊन आले तेव्हा मांडणीवर एकही डबी नव्हती. ते टोकियोच्या पाहुण्यांकडे बघत होते, पाहुणे मांडणीकडे, आणि मी म्हाताऱ्यांकडे. "प्रदर्शन कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "आत्ताच घरी गेलं," मी म्हटलं.

आणि तेव्हाच कुरियरवाला आला. बर्फाने विमानं अडली होती म्हणून उशीर झाला म्हणाला. छोटं खोकं. पाठवणारा: इगाराशी तेत्सुजी, नाहा, ओकिनावा. आत चिठ्ठी नाही, माफी नाही, काही नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक डबी. तिची पाठ बघून सभागृहातल्या सगळ्या पॉलिशवाल्यांनी एकसुरात श्वास ओढला. आरसा तर सोडच, पोलादाचा रंगही उरलेला नाही. टॅक्सीच्या सुट्ट्या नाण्यांच्या खणात ठेवत होतास ना? मला वाटलंच.

मी ती एकटी मांडणीच्या मधोमध ठेवली, पालथी. नगराध्यक्षांनी तिच्यासाठी फीत कापली. टोकियोची माणसं संध्याकाळपर्यंत तिच्याभोवतीच उभी होती. नागानुमा-सानचा हात दोनदा बाहीकडे गेला. मी दोन्ही वेळा तो धरला.

ताई


त्सुबामे, १६ मार्च

तेत्सु,

कालच्या पत्राला तिकीट लावलंय, पण टाकायच्या आधी हे जोडते.

सकाळी तुझी डबी घरी आणली आणि सवयीने ट्यूबलाइटखाली धरली. रेघ कुठली दिसतेय. नुसतं धुकं. मग डाव्या वरच्या कोपऱ्यापाशी नखाएवढी जागा चमकली. तिथे ओरखडा नाही. का नाही ते मी हातात धरून बघितलं: चकती फिरवताना तुझी तर्जनी मागून बरोबर तिथे बसते. एवढी वर्षं तुझ्या बोटाने ती जागा झाकून ठेवली.

आणि त्या नखाएवढ्या जागेत उजेडाची रेघ केसभर आधी वळते.

खोकं पुन्हा उलगडून बघितलं, डबीच्या घडणीवरून तिचं साल काढलं. तू गेल्यानंतरचं आहे. म्हणजे ही कुणी तुला दिली नाही. तू नाहाच्या दुकानात गेलास, स्वतः विकत घेतलीस. त्या वर्षी गावातल्या कितीतरी घरांत ही पाठ घासली जात होती, आणि जगातल्या कुठल्या दुकानात कुणाच्या हातची जाईल याचा काही नेम नव्हता. तुला माझीच मिळाली? आपोआप?

मला एवढंच सांग. दुकानात किती डब्या उलट्या करून बघितल्यास?

बाकी कशाचंही उत्तर देऊ नकोस. याचं दे.

ताई


त्सुबामे, २९ मार्च

तेत्सु,

काल फोन वाजला तेव्हा मला वाटलं नागानुमा-सान असतील, म्हणून मी "चाक विकायचं नाही" असं म्हणूनच उचलला. पलीकडून तू म्हणालास, "बऱ्याच केल्या, ताई. शेवटी दुकानदाराने विचारलं, साहेब, तुम्हाला गाणी ऐकायचीत की दाढी करायचीय?"

नंतर फोनचं बिल तुझ्या माथ्यावर चढत राहिलं. चढू दे. तू हसत होतास की रडत होतास ते मला कळलं नाही. मी हसत होते. तरी रात्रभर उशी ओली कशी झाली कोण जाणे, छत गळत असेल.

फोन ठेवताना तू विचारलंस तेच खरं, मनगटं गेलीत. गेल्या हिवाळ्यापासून चाकापुढे उभी राहिले तर संध्याकाळी चॉपस्टिक्स धरवत नाहीत. आणि तुला संघाने वगैरे बोलावलं नव्हतं. हेही तू ओळखलंच असशील. होन्मा बाईंनी वर्तमानपत्रवाल्यांना काय सांगितलं कोण जाणे, आता रोज खोकी येतायत. चिठ्ठ्यांमध्ये माफी नसते. लिहितात, एकदा चेहरा दिसू द्या, मग आम्ही आमचं बघतो. सहा म्हातारे आळीपाळीने आपल्या कारखान्यात येतात, पण कोपरे त्यांना जमत नाहीत. सरळ घासून मोकळे होतात, अंगात नटवणं म्हणून नाही.

तुझी डबी मी घासलेली नाही. नागानुमा-सान तीनदा मागून गेले. ती जशी आहे तशी तुझ्या चाकावर ठेवलीय, पालथी. वायर मिळाली, म्हणून काल ती सुरूही करून बघितली. तिकडची ती तीन तारांच्या वाद्यावरची गाणी भरलीस, बरं आहे. पण चकती फिरवत अगदी तळाशी गेले, तर आपल्या गावच्या उन्हाळी नाचाचा ढोल. यावर मी काही बोलत नाही. माझ्याकडे तुझ्याविरुद्ध आता पुरेसा पुरावा जमलाय.

तू फोनवर सांगितलेल्या विमानाच्या दिवशी शिमादा गाडी घेऊन येईल, मी येईन. जाड रामेन सांगून ठेवलंय, वर चरबी जास्त. जाडा कोट आण, इथे एप्रिलमध्येही गारठा असतो हे विसरला असशील.

तुझ्या चाकाजवळचा लोणच्याचा माठ मी आज सकाळी दुसरीकडे हलवला. जड होता, पण हलवला.

ताई